बिबट्याविषयीचे माझे ठाम मत आणि पुतणीचा एक प्रश्न

ओतूरकर:

नमस्कार मंडळी. माझे मूळ गाव जुन्नर तालुक्यात आहे आणि नोकरीनिमित्त गेली बावीस वर्षे मी पिंपरीत राहतो. गेल्या मार्गशीर्षात आमच्या थोरल्या बंधूंच्या ओसरीवरून बिबट्याने राखणीचा कुत्रा नेला. सकाळी साखळी खांबाला तशीच होती, तिच्या टोकाला गळ्यातला पट्टा होता आणि पट्ट्याचे बक्कलही लागलेलेच होते. त्या रविवारी मी गावी गेलो, वस्तीवरच्या चौतीस जणांच्या सह्या गोळा केल्या आणि पिंजरा लावून बिबट्याला पकडावे व दूर जंगलात सोडून यावे, असा अर्ज स्वतःच्या हाताने लिहिला. लिहिताना मनात तिळमात्र शंका नव्हती. बिबट्या जंगलातला, जंगल तुटले म्हणून भुकेपोटी गावात आला, त्याला परत नेऊन सोडले की तोही सुखी आणि आपणही सुखी, असा माझा सरळ हिशेब होता.

माझी पुतणी वन्यजीवांचा अभ्यास करते. तिने अर्ज वाचला आणि एवढेच विचारले, "काका, तो जंगलातून आला हे तुम्हाला कोणी सांगितले?" मला उत्तर देता आले नाही आणि उत्तर येत नाही याचाच राग आला. मी तिला चार पुस्तके वाचल्यावरून नको ते बोललो. परतताना एसटीत मात्र मी आठवू लागलो की हे मत माझे झाले कधी, आणि काही केल्या ते आठवेना. वर्तमानपत्रातल्या ‘भरकटलेला बिबट्या’ अशा मथळ्यांखेरीज माझ्यापाशी एकही पुरावा नव्हता. मी स्वतः बिबट्या एकदाच पाहिला आहे, तोही मोटारसायकलच्या उजेडात, फार तर दोन सेकंद.

या विषयात ज्यांनी आपले जुने मत सोडले, त्यांनी ते कशामुळे सोडले हे मला जाणून घ्यायचे आहे. आणि दुसरे असे, की जे मत भीतीवर उभे आहे, ते वाचून किंवा ऐकून खरोखर हलते का?

निवृत्त वनपाल:

आपला अर्ज वाचून मला हसू आले नाही, कारण असे अर्ज आले की पिंजरा घेऊन जाणाऱ्यांत मी असायचो. 2001 नंतरच्या दोन-तीन वर्षांत जुन्नर भागात बिबटे मोठ्या संख्येने पकडले गेले आणि त्यांतले बरेच दूरच्या जंगलांत नेऊन सोडण्यात आले. आपण लोकांचे आणि जनावराचेही भले करतो आहोत, अशी आमची प्रामाणिक समजूत होती. प्रत्यक्षात माणसांवरचे हल्ले कमी व्हायच्या ऐवजी पूर्वीच्या सुमारे चौपट झाले. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या सगळ्या नोंदी एकत्र करून 2011 मध्ये शोधनिबंध प्रसिद्ध केला. अनोळखी मुलखात सोडलेला बिबट्या बिथरतो, आपल्या जागेकडे परत निघतो आणि वाटेत माणसांना आडवा जातो. इकडे त्याची रिकामी झालेली हद्द थोड्याच काळात दुसरा, बहुधा तरुण आणि अननुभवी बिबट्या बळकावतो.

दूर सोडलेला बिबट्या सोडल्या जागी थांबत नाही, हे मी उगाच म्हणत नाही. 2009 साली पारनेर तालुक्यात टाकळी ढोकेश्वरला विहिरीत पडलेला एक वयस्क नर बाहेर काढून, गळ्यात उपग्रहाशी जोडलेला पट्टा बांधून, माळशेज घाटात सोडला होता. ‘आजोबा’ या नावाने तो पुढे प्रसिद्ध झाला. रेल्वेमार्ग, महामार्ग आणि खाडी ओलांडून, सुमारे 120 किलोमीटर चालून, तो थेट मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानापाशी पोहोचला आणि त्या साऱ्या वाटेत त्याने एकाही माणसाला हात लावला नाही.

तरीही खरे सांगायचे तर माझे मत या नोंदींनी बदलले नव्हते. आकडे कागदावर राहतात. एका फेब्रुवारीत ऊसतोड चालू असताना पाचटात बिबट्याची तीन बछडी सापडली. कोयते थांबले, मुकादमाचा फोन आला, आम्ही गेलो. आम्ही ती बछडी टोमॅटोच्या क्रेटमध्ये ठेवली, वर दुसरा क्रेट उपडा घातला आणि अंधार पडल्यावर, सापडली होती त्याच सरीत ठेवून, लांब गाडीत बसून राहिलो. साडेआठच्या सुमारास मादी आली. तिने क्रेटभोवती दोन फेऱ्या मारल्या, पंजाने वरचा क्रेट पाडला आणि एकेक बछडे तोंडात धरून तीन खेपांत नेले. डोंगर उत्तरेला होता. ती मात्र तिन्ही वेळा दक्षिणेला, शेजारच्या न तुटलेल्या उसात गेली.

मी पंचवीस वर्षे नोकरी करत होतो आणि तोपर्यंत उसातली मादी म्हणजे ‘जंगलातून आलेली’ असेच लिहीत होतो. त्या रात्री पंचनाम्याच्या त्या रकान्यात काय लिहावे, हे मला सुचेना. कुकडी प्रकल्पाचे पाणी आले, बाजरीच्या रानात ऊस उभा राहिला आणि वर्षभर न हलणारा दाट आडोसा तयार झाला. तिथे जन्मलेल्या बिबट्याला ऊस हेच घर आहे. आपल्या पुतणीच्या प्रश्नाचे उत्तर एवढेच आहे.

घोडनदीकाठची शेतकरीण:

वरचे दोन्ही लेख मी नीट वाचले आणि दोघांचाही अनादर न करता काही लिहिते. पिंपरीत राहून किंवा गाडीच्या काचेआडून मत बदलणे सोपे असते. आमच्या वस्तीवर पाण्याच्या मोटारीच्या विजेची पाळी पुष्कळदा रात्रीची असते. मालक पिकाला पाणी द्यायला जातात तेव्हा एका हातात बॅटरी, दुसऱ्या हातात काठी आणि खिशात मोठ्याने लावलेला मोबाइल असतो, आणि ते परत येईपर्यंत मी दाराशी बसलेली असते. 2025 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेड-जांबुत परिसरात तीन आठवड्यांत तीन जीव गेले, त्यांत दोन लेकरे होती. त्या दिवसांत लोक महामार्गावर बसले, ते पूर्वग्रहाने बसले होते असे कोणी म्हणू नये.

तरी माझेही एक मत गळून पडले आहे, ते सांगते. वनखात्याचे लोक बाहेरचे बिबटे आणून आमच्या उसात सोडतात, हे मी अनेक वर्षे छातीठोकपणे सांगत असे. मग गेल्या पावसाळ्यात आमच्याच मळ्यात ओल्या सरीवर एका मोठ्या पायाच्या ठशाशेजारी दोन छोटे ठसे दिसले आणि सोडायला कोणाला आणावे लागतच नाही, हे ध्यानात आले. मत बदलले, पण त्याने माझी भीती कमी न होता वाढली. सोडलेले जनावर परत नेता येते. इथलेच असेल तर ते कुठे न्यायचे? मत बदलले की दिलासा मिळतो, असे कोणी समजू नये. ‘सहजीवन’ हा शब्द तर आमच्या तोंडचा नव्हेच. आम्हाला दिवसा वीज हवी, गोठ्याला वरूनही जाळी हवी आणि शाळेच्या वाटेवर दिवे हवेत.

निवृत्त वनपाल:

ताई, आपण म्हणता ते मान्य आहे. आपल्या जुन्या समजुतीबद्दल एक गोष्ट मात्र लिहायला हवी: ती अगदीच हवेतली नव्हती. त्या काळात एका भागात पकडलेले बिबटे दुसऱ्या भागात खरोखरच सोडले जात होते, आणि ज्यांच्या शिवाराजवळ ते सोडले जात, त्यांना कोणी विचारत नव्हते. लोकांच्या चुकीच्या मताच्या बुडाशी आमचीच करणी असते, हे कबूल करायला मला नोकरी संपावी लागली.

अकोल्याचे मास्तर (विदर्भातले नव्हे, अगस्ती ऋषींचे अकोले):

आमच्या तालुक्यात 2007 ते 2009 या काळात झालेल्या अभ्यासाचा उल्लेख कोणी केला नाही, म्हणून लिहितो. चौरस किलोमीटरला तीनशेहून अधिक माणसे राहतात अशा, जंगल जवळजवळ नसलेल्या भागात कॅमेरे लावले, तेव्हा शंभर चौरस किलोमीटरमागे सुमारे पाच प्रौढ बिबटे निघाले. त्यांच्या विष्ठेच्या तपासणीत सर्वांत मोठा वाटा, सुमारे 39 टक्के, कुत्र्यांचा आढळला. शेळ्या त्यामानाने बऱ्याच कमी. म्हणजे ओतूरकरांच्या ओसरीवरचा प्रकार अपवादाचा नव्हता. कचरा आणि मोकाट कुत्री वाढवून आपणच त्याचे ताट वाढून ठेवतो, आणि मग तो जेवायला बसला की दचकतो.

आदिवासींची वाघोबावर श्रद्धा आहे, म्हणून ते गुण्यागोविंदाने राहतात, असे शहरातले पाहुणे फार कौतुकाने बोलतात. हाही पूर्वग्रहच आहे, फक्त गोड आहे. आमच्या डोंगराकडच्या गावांत वाघबारस होते, वाघोबाला नैवेद्य दाखवतात, आणि मागणे काय असते? आमची गुरे राखावीत, आमच्या वाटेला येऊ नये. ज्याच्याशी करार करावा लागतो, त्याची भीती असतेच. फक्त तो इथला रहिवासी आहे, हे या मंडळींनी धरूनच चाललेले असते. आम्ही शिकलेल्यांनी त्याला ‘भरकटलेला’ ठरवले.

ओतूरकर:

सर्वांचे मनापासून आभार. परवा पुतणीला फोन करून मी तिची क्षमा मागितली. ती म्हणाली, "काका, मीही पहिल्या वर्षाला असताना अर्जात हेच लिहिले असते." मास्तरांचा 39 टक्क्यांचा आकडा मी थोरल्या बंधूंना वाचून दाखवला, तेव्हा ते बराच वेळ गप्प राहिले आणि मग इतकेच म्हणाले, की त्यांच्या कुत्र्याला टक्क्यांत घालू नकोस.

माझ्या मताचा अर्धा भाग, म्हणजे तो कुठून आला आणि त्याला कुठे सोडावे, हा मी सोडला आहे. उरलेला अर्धा, म्हणजे अंधार पडल्यावर त्या ओसरीवर बसताना जे वाटते, ते जसेच्या तसे आहे, आणि ताईंनी लिहिल्याप्रमाणे ते थोडे वाढलेच असावे. शनिवारी गावी जाऊन अर्ज नव्याने लिहिला. ‘दूर जंगलात सोडून यावे’ हे वाक्य काढून दिवसा वीज, वाटेवरचे दिवे आणि गोठ्यांना जाळी अशी मागणी घातली, आणि पिंजऱ्याचा निर्णय पाहणी करून घ्यावा असे लिहिले. चौतीसपैकी तेवीस जणांनी पुन्हा सही केली. अकरा जणांनी नकार दिला, त्यांत आमचे थोरले बंधू आहेत.