लिटरेचर रिव्ह्यूला एआय वापरताय का? संदर्भ खोटे निघाले

पीएचडीचं दुसरं वर्ष चालू आहे, रिव्ह्यूचं चॅप्टर लिहायला घेतलंय. चॅटजीपीटीकडे विषयावरचे बारा पेपर मागितले, त्याने लगेच दिले, लेखक ओळखीचे, जर्नल खरं, व्हॉल्यूम, पान नंबर सगळं. जर्नलच्या साइटवर तो अंक उघडला तर त्या पानावर भलताच पेपर! बारातले पाच कुठेच नाहीत. उरलेले सात धरू का? आणि गाईडना सांगू का, जाम टेन्शन आलंय.

शोधयात्री:
सर्च चालू नसेल तर ते शोधत नाही रे, पुढे कुठला शब्द येईल ते जुळवत जातं, आणि संदर्भ कसा दिसतो हे त्याला पाठ असतं. सातही तपास. डीओआय, म्हणजे पेपरचा कायमचा ऑनलाइन ओळख क्रमांक, उघडला म्हणून खूश होऊ नकोस, शीर्षक जुळतंय का बघ, कधी डीओआय खरा असतो पण दुसऱ्याच पेपरचा. मेटाने खास शास्त्रीय साहित्यासाठी गॅलॅक्टिका नावाचं एआय मॉडेल काढलं होतं, नोव्हेंबर २०२२ मध्ये, तीन दिवसांत डेमो बंद करावा लागला ह्याच भानगडीमुळे. शोधायला सिमँटिक स्कॉलर किंवा एलिसिट घे, तिथे निदान पेपर खरे असतात.

कोरं_पान:
पेपर खरे असतात हो, पण सारांशाचं काय? मी एकदा सारांशावरूनच तक्ता भरला, 'उपचाराचा लक्षणीय फायदा' म्हणून. नंतर मूळ पेपरातलं टेबल उघडलं तर फायदा फक्त सगळी सेशन्स पूर्ण केलेल्यांना, मधेच सोडून गेलेले धरले की फरक जवळजवळ शून्य. अख्खा परिच्छेद पुन्हा लिहिला. शिवाय पेवॉलमागचा, म्हणजे पैसे भरल्याशिवाय न उघडणारा पेपर असेल तर टूल बऱ्याचदा नुसता ॲबस्ट्रॅक्ट वाचतं. कुठला पेपर आधी वाचायचा एवढं त्याला विचारा, वाचायचं आपणच.

मीरा_के:
गाईडना आजच सांग, नंतर कळलं तर जास्त अवघड जाईल. कुठलं टूल, कुठल्या तारखेला, काय विचारलं हे एका फाइलीत लिहून ठेव, सिस्टिमॅटिक रिव्ह्यू (ठरलेल्या पद्धतीने पेपर शोधून केलेला) असेल तर प्रिझ्मासाठी, म्हणजे असे रिव्ह्यू मांडायच्या नियमावलीसाठी, सर्चची नोंद लागतेच. आणि सगळे पेपर झोटेरो ह्या संदर्भ सांभाळायच्या सॉफ्टवेअरमध्ये टाक, मागे घेतलेला पेपर असला तर ते लाल पट्टी दाखवतं.

मूळ प्रश्नकर्ता:
टाकले. सातातल्या एकावर लाल पट्टी आली, आणि माझा अख्खा दुसरा सेक्शन त्याच्यावर उभा होता. उद्या गाईडना भेटतोय, फाइल घेऊन.