फ्लॅमेबल आणि इनफ्लॅमेबल: नेमका फरक काय?

प्रश्न (भोसरीकर): आमचं रंगांचं छोटं गोदाम आहे. थिनरच्या नव्या ड्रमवर 'फ्लॅमेबल' छापलंय आणि शेडच्या जुन्या पाटीवर 'इनफ्लॅमेबल'. नव्याने लागलेल्या पोराने सरळ हिशोब मांडला: इनव्हिजिबल म्हणजे न दिसणारं, तसं इनफ्लॅमेबल म्हणजे न पेटणारं. शेडला लागूनच वेल्डिंग चालतं, त्यामुळे माझ्या पोटात गोळा आला. खरं काय ते कुणी सांगेल का?

टँकरवाला_मनमाड: ताई, अर्थात काडीचाही फरक नाही. दोन्ही ज्वालाग्राहीच. पानेवाडीच्या डेपोत टँकर भरायला येणारे नवे क्लीनरही हेच विचारतात. यातला 'इन' नकाराचा नाहीच. मूळ लॅटिन 'इनफ्लामारे', म्हणजे पेटवणं. तिथे 'इन'चा अर्थ 'आत'. खरं तर 'इनफ्लॅमेबल' हाच जुना शब्द, 'फ्लॅमेबल' एकोणिसाव्या शतकातला. पण तुमच्या पोरासारखाच अर्थ लोक लावतील या भीतीने अमेरिकेतल्या नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशनने 1920च्या दशकात 'फ्लॅमेबल'चा आग्रह धरला. न पेटणाऱ्यासाठी शब्द वेगळा आहे: नॉन-फ्लॅमेबल. नायट्रोजनच्या सिलिंडरवर हिरवा चौकोन असतो ना, तो त्याचा.

त्या पोराला रागावू नका. त्याचा तर्क बरोबर आहे, शब्दच फसवा आहे. आणि वेल्डिंग आजच्या आज तिथून हलवा. थिनरमध्ये बहुधा टोल्युइन असतं. त्याची वाफ 4 अंश सेल्सिअसलाच पेट घेण्याइतकी होते. ती हवेपेक्षा जड, जमिनीलगत सरपटत लांब जाते. ठिणगी ड्रमजवळच पडायला हवी असं अजिबात नाही.

निळू_काका: मग 'कम्बस्टिबल' कुठे बसतो?

टँकरवाला_मनमाड: काका, तो जरा उशिरा पेटणाऱ्याचा. आपल्याकडे पेट्रोलियमचे वर्गच पाडलेत: 23 अंशांखाली पेटणारी वाफ देणारं 'अ' वर्गात, म्हणून पेट्रोल तिथे. डिझेल, रॉकेल 'ब' वर्गात, 23 ते 65 मध्ये.

भोसरीकर: वेल्डिंग मागच्या अंगणात हलवलं. पाटीही नवी सांगतेय: वर ज्वाळेचं चित्र असलेला लाल चौकोन, खाली मोठ्या अक्षरांत 'ज्वालाग्राही'. हिंदीतही लिहून घेऊ का? निम्मी पोरं बिहारची आहेत.

टँकरवाला_मनमाड: घ्याच. 'ज्वलनशील' लिहा, टँकरवरही तेच असतं.