क्वांटम मेकॅनिक्स चाळिशीनंतर शिकायचंय, सुरुवात कुठून करू?

चाकणची_बस
नमस्कार मंडळी. मी इन्स्ट्रुमेंटेशनचा डिप्लोमावाला, वय ४१, चाकणला एका कारखान्यात मेंटेनन्सला आहे. मुलगी यंदा बारावीला. परवा तिने विचारलं, बाबा लाल एलईडी कमी व्होल्टवर लागतो आणि निळ्याला जास्त व्होल्ट का लागतात. मी रोज एलईडी, फोटोसेन्सर, लेझर हाताळतो, पॅनलवर शेकडो लावले असतील, आणि तिला सांगितलं काय तर डेटाशीटमध्ये तसं दिलेलं असतं. ती काही बोलली नाही पण मलाच रात्रभर चुटपुट लागून राहिली.

तेव्हापासून यूट्यूबवर क्वांटमचे व्हिडिओ बघतोय. मांजर जिवंतही आणि मेलेलंही, एक कण दोन ठिकाणी, समांतर विश्व, असं सगळं बघून झालं पण एलईडी काही कळला नाही. मला नीट शिकायचंय, आयुष्यभर वरवरचं बोलत बसायचं नाही. रोज कंपनीच्या बसमध्ये जाऊन-येऊन दीड तास मिळतो. गणित डिप्लोमाच्या तिसऱ्या सेमपर्यंतचं, तेही गंजलेलं. तर सुरुवात कुठून करू, गणित किती लागेल, आणि घरी काही करून बघता येईल का? शक्यतो मराठीत समजावलंत तर मुलीलाही दाखवता येईल.

माणदेशी_मास्तर
बसवाले दादा, ३१ वर्षं बीएस्सीला फिजिक्स शिकवलं, आता निवृत्त आहे. तुमच्या मुलीने जो प्रश्न विचारलाय ना तोच या विषयाचा दरवाजा आहे, श्रोडिंगरचं ते मांजर तूर्त बाजूला ठेवा, ते १९३५ सालचं आहे आणि विषय त्याच्या ३५ वर्षं आधी सुरू होतो.

१९०० साली प्लांकने तापलेल्या वस्तूच्या उजेडाचा हिशेब जुळवताना धरून चालला की ऊर्जा सुट्ट्या पुड्यांत दिली-घेतली जाते, पाण्यासारखी सलग नाही. एका पुडीची ऊर्जा म्हणजे h (प्लांकचा स्थिरांक, एक ठरलेला आकडा) गुणिले वारंवारता. १९०५ साली आइनस्टाइन त्याच्या पुढे गेला, म्हणाला उजेड स्वतःच अशा पुड्यांचा असतो. आता एलईडी घ्या. त्यातल्या अर्धवाहकात (सेमीकंडक्टरमध्ये) इलेक्ट्रॉनला राहायला वरचा मजला आणि खालचा मजला असे दोन पट्टे असतात, मधे राहायला जागाच नाही. वरचा इलेक्ट्रॉन खाली उतरला की मधल्या फरकाएवढी ऊर्जा एका फोटॉनच्या, म्हणजे उजेडाच्या एका पुडीच्या रूपाने बाहेर पडते. निळ्या फोटॉनची ऊर्जा लालपेक्षा जास्त, म्हणजे निळ्या एलईडीत मजल्यांमधलं अंतर जास्त, म्हणून इलेक्ट्रॉनला वर चढवायला व्होल्टही जास्त. हा मोठा फरक असलेला पदार्थ चांगला बनवता येत नव्हता म्हणून निळा एलईडी इतका उशिरा आला, आणि तो बनवणाऱ्या अकासाकी, अमानो, नाकामुरा यांना २०१४ चं नोबेल मिळालं.

घरी करायचा प्रयोग हाच. आम्ही लॅबमध्ये दरवर्षी घ्यायचो. ९ व्होल्टची बॅटरी, १ केचा (१००० ओहमचा) पॉट म्हणजे फिरवून कमी-जास्त करायचा रेझिस्टर, एलईडीच्या सिरीजला ३३० ओहम, मल्टिमीटर. लाल आणि निळा पारदर्शक कवचाचा एलईडी घ्या, पांढरा घेऊ नका, तो आतून निळाच असतो आणि वर फॉस्फरचा लेप असतो. खोलीत अंधार करा, पॉट हळूहळू फिरवा, एलईडी जेमतेम दिसायला लागला की त्याच्या दोन पायांमधला व्होल्टेज लिहा. मग h म्हणजे इलेक्ट्रॉनचा चार्ज गुणिले व्होल्ट गुणिले तरंगलांबी भागिले प्रकाशाचा वेग. तरंगलांबी डेटाशीटमध्ये असते, तिथे तुमचं डेटाशीट कामाला येईल.

गणित म्हणाल तर कॉम्प्लेक्स नंबर, दोन बाय दोनचं मॅट्रिक्स आणि संभाव्यता, एवढ्यावर सहा महिने निघतात. श्रोडिंगरचं समीकरण नंतर. आमच्याकडे अभ्यासक्रमात ते आधी यायचं आणि मुलं डिफरन्शियल इक्वेशन सोडवण्यातच दमून जायची, फिजिक्स राहून जायचं, याची खंत मला अजून आहे.

नेकारकाठी
मास्तरांना +१. मी सध्या जर्मनीत पीएचडी करतेय, अतिथंड अणूंवर काम आहे. मी आणखी एक सुचवेन, फाइनमनच्या व्याख्यानांचा तिसरा खंड. कॅलटेकच्या साइटवर पूर्ण फुकट वाचता येतो. पहिलं प्रकरण दोन फटींच्या प्रयोगावर आहे, ते दोनदा वाचा, मग पाचवं-सहावं, तिथे स्पिन येतो, म्हणजे कणाचा अंगचाच, छोट्या चुंबकासारखा गुण. इंग्रजी सोपं आहे पण वेग धरू नका, दिवसाला दोन पानं खूप झाली. बसमध्ये वाचायचं आणि घरी आल्यावर वहीत स्वतःच्या मराठीत लिहायचं, मी अजून तसंच करते, मराठीत लिहिता आलं नाही तर मला कळलेलं नाही असं मी समजते.

स्पिनवरून सुरुवात का, तर तिथे फक्त दोनच उत्तरं असतात. १९२२ साली फ्रँकफर्टमध्ये श्टर्न आणि गेरलाख यांनी चांदीचे अणू चुंबकातून सोडले. जुन्या समजुतीने काचेवर एक पसरट पट्टा यायला हवा होता, आल्या दोन वेगळ्या रेषा. वर किंवा खाली, मधलं काही नाहीच. एवढ्या एका गोष्टीत अर्धा विषय आहे, पुढे क्वांटम संगणकात क्यूबिट म्हणतात तोही हाच दोन उत्तरांचा प्राणी.

घरी करायला दुसरा प्रयोग: पोलराइज्ड गॉगल दोन लागतील, मित्राकडून आणा. लॅपटॉपवर पांढरी स्क्रीन लावा, एक गॉगल समोर धरून फिरवत जा, एका कोनात काच काळी होईल. तसाच धरून ठेवा आणि आता दुसरा गॉगल स्क्रीन आणि पहिल्याच्या मधे ४५ अंशात तिरका घाला. काय होतं ते मी सांगत नाही, मुलीला आधी अंदाज लिहायला सांगा. मोबाईलवर करू नका, बऱ्याच मोबाईलच्या स्क्रीनवर नीट अंधार होत नाही.

माणदेशी_मास्तर
नेकारकाठी ताई, प्रयोग सुंदर आहे, फक्त एक जोडतो. एवढ्या उजेडात जे दिसतं ते लहरींच्या जुन्या सिद्धांतानेही सुटतं. क्वांटम कुठे येतं, तर उजेड इतका कमी केला की एका वेळी एकच फोटॉन जातोय, तेव्हा. फोटॉन अर्धा जात नाही, जातो किंवा अडतो, आणि कोणता जाईल हे आधी सांगताच येत नाही, फक्त शक्यता सांगता येते. हा फरक पहिल्याच दिवशी मुलीला सांगा, नाहीतर पुढे गोंधळ होतो.

रातपाळी_एमआरआय
मी टेक्निशियन आहे, डिप्लोमा करूनच आलोय, त्यामुळे हिंमत देतो की जमतं. आमचं १.५ टेस्लाचं (टेस्ला म्हणजे चुंबकाची ताकद मोजायचं एकक) एमआरआय मशीन रोज हाच स्पिन वापरतं. शरीरातल्या पाण्यात हायड्रोजन, त्याच्या प्रोटॉनला चुंबकात दोनच स्थिती, आणि दोन्हींतला फरक साधारण ६४ मेगाहर्ट्झच्या रेडिओलहरीएवढा. बरोबर तेवढी वारंवारता सोडली तरच प्रोटॉन दाद देतात. मला सगळ्यात थक्क करून गेलेली गोष्ट म्हणजे दोन स्थितींतल्या प्रोटॉनांच्या संख्येत दर दहा लाखांमागे जेमतेम पाचाचा फरक असतो आणि तेवढ्या फरकावर गुडघ्याचा, मेंदूचा एवढा स्वच्छ फोटो येतो, कारण पाण्याच्या एका थेंबातसुद्धा प्रोटॉन इतके प्रचंड असतात की दहा लाखांतले पाचही पुरतात. हे कळल्यापासून पेशंटला आत सरकवताना मला माझ्या कामाबद्दल वेगळाच आदर वाटतो.

तुमच्या कामातलंही सांगतो, पेन ड्राइव्ह. त्यातल्या फ्लॅश मेमरीत इलेक्ट्रॉन ऑक्साइडच्या थरातून पलीकडे जातात, ज्या भिंतीवरून उडी मारायला त्यांच्याकडे ऊर्जाच नाही तिच्यातून आरपार. यालाच टनेलिंग म्हणतात. जॉर्ज गॅमॉ या शास्त्रज्ञाने १९२८ साली याच कल्पनेने अणुकेंद्रातून अल्फा कण कसे सुटतात ते सांगितलं होतं.

तांबडी_माती
विषय निघालाच आहे तर एक कळकळीने सांगते. क्वांटम हा शब्द लावून लॉकेट, पाण्याची बाटली, शरीराची एनर्जी मोजायचं यंत्र असं विकणारे लोक गावोगाव फिरतात. माझ्या आईने गुडघ्यासाठी असं लॉकेट साडेचार हजाराला घेतलं आणि त्या भरवशावर दोन महिने डॉक्टरकडे गेली नाही. गुडघा सुजून चालणं बंद झालं तेव्हा आम्हाला कळलं. म्हणून दादा तुम्ही शिका आणि शेजारीपाजारी चार लोकांना सांगा, वरच्या एमआरआयवाल्यांसारखं साधं, आकडे घेऊन. वाचनखूण साठवली आहे.

चाकणची_बस
सगळ्यांचे मनापासून आभार. ताई, आईंना आता बरं असेल अशी आशा.

रविवारी पुण्यात बुधवार पेठेत पासोड्या विठोबापाशी जाऊन सामान आणलं, रात्री दिवे घालवून मुलगी आणि मी बसलो. लाल ६३० नॅनोमीटरचा, १.७ व्होल्टला दिसायला लागला. निळा ४७० चा, २.४ ला. हिशेब केला तर लालवरून h आला ५.७ आणि निळ्यावरून ६.० (दहाचा उणे ३४ वा घात धरून). खरा ६.६३ आहे ना? मुलगी हिरमुसली. पॉट बदलला, परत मोजलं, तेच. मीटर कॅलिब्रेटेड आहे, ते माझं रोजचं काम आहे त्यामुळे तिथे चूक नाही. काय चुकतंय?

माणदेशी_मास्तर
काहीच चुकत नाहीये, रीडिंग उत्तम आहेत! दोन्ही कमी आले आहेत, दोन्ही एकाच बाजूला, हे तिला दाखवा. खोलीच्या तापमानालाच काही इलेक्ट्रॉनांकडे उष्णतेची थोडी जास्तीची ऊर्जा असते, शिवाय अंधारात डोळ्याला अगदी मंद उजेडही दिसतो, त्यामुळे दोन्ही एलईडी जरा आधीच लागल्यासारखे वाटतात. ही तूट दोघांत साधारण सारखी धरू. मग दोन्हींची वजाबाकी केली की तूट बऱ्यापैकी जाते. व्होल्टमधला फरक ०.७. वारंवारता दोघांची काढा, त्यांचा फरक काढा, आणि ०.७ गुणिले चार्जला त्याने भागा. मी उत्तर सांगत नाही, तिला करू दे. हिरवा आणि पिवळा पण मिळाला तर आलेख काढा, रेषेचा चढ म्हणजे h.

खोडदचा_पोरगा
तुम्ही पुण्याजवळचे म्हणून सांगतो, आमच्या नारायणगावाजवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे, ४५ मीटरच्या ३० तबकड्या. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला लोकांसाठी खुलं असतं, शाळांच्या बसच्या बस येतात, मुलीला जरूर घेऊन या. हायड्रोजनच्या अणूत इलेक्ट्रॉन आणि प्रोटॉन दोघांचे स्पिन, ते एका दिशेने असले तर ऊर्जा किंचित जास्त, उलटे झाले की १४२० मेगाहर्ट्झचा फोटॉन बाहेर पडतो, २१ सेंटिमीटरची लहर. एकट्या सोडलेल्या अणूला असं उलटायला सरासरी एक कोटी वर्षांहून जास्त लागतात, पण आकाशगंगेत हायड्रोजनच एवढा आहे की संदेश सतत येत राहतो. लहानपणी मी त्या तबकड्यांच्या सावलीत शेळ्या चारल्यात, आत काय ऐकतात ते कळायला बारावी उजाडली, आणि कळलं त्या दिवशी बांधावर बसून किती वेळ नुसता बघत होतो.

चाकणची_बस
मास्तर, ६.९ आला! चारेक टक्क्यांचा फरक. बुधवार पेठेतल्या दोन एलईडींवरून. मुलीने वहीत तो आकडा दोनदा चौकटीत लिहिलाय.

गॉगलचा प्रयोगही केला. तिने अंदाज लिहिला होता की मधे आणखी एक काच घातली तर काळं ते काळंच राहणार. मधला घातला आणि काळ्या जागी उजेड आला, ती ओरडलीच, तिची आजी स्वयंपाकघरातून बघायला आली. मग रात्री हिशेब केला, १०० फोटॉन स्क्रीनवरून निघाले तर तिरक्यातून शक्यतेने ५० जाणार, आणि जे गेले ते आता तिरकेच झाले, आधीचे राहिले नाहीत, म्हणून शेवटच्यातून त्यातले निम्मे, २५. गॉगलची काच रंगीत म्हणून प्रत्यक्षात कमी. बरोबर आहे का हे?

आणि आता तिचा पुढचा प्रश्न. त्या ५० मधला एखादा फोटॉन जाणार की अडणार हे आधी फोटॉनलाच ठाऊक असतं आणि आपल्याला दिसत नाही, की खरंच कुठेच ठरलेलं नसतं? मी डेटाशीट म्हणालो नाही. शोधून सांगतो म्हणालो.

नेकारकाठी
हिशेब अगदी बरोबर. आणि तिला सांगा, हाच प्रश्न आइनस्टाइनने १९३५ साली विचारला होता. १९६४ मध्ये जॉन बेलने तो प्रयोगाने तपासायची युक्ती काढली आणि ते प्रयोग करणाऱ्या आस्पे, क्लाउझर, त्साइलिंगर यांना २०२२ चं नोबेल मिळालं. पोलराइझर यातही लागतात, दोन, एकमेकांपासून दूर ठेवलेले. शनिवारी सवडीने बेलचा हिशेब मराठीत लिहून टाकते इथे, बारावीच्या संभाव्यतेत बसेल असा. तोपर्यंत तिला कोसाइनचा वर्ग ०, ३० आणि ६० अंशांसाठी काढून ठेवायला सांगा, लागणार आहे.