डच 'ब्यूर्स': पैशाची पिशवी, शेअरबाजार की शिष्यवृत्ती?

हरिपूरकर: शब्दकोशात 'ब्यूर्स' म्हणजे पैशाची पिशवी. बातम्यांत तोच शब्द शेअरबाजाराला, विद्यापीठाच्या माहितीपत्रकात शिष्यवृत्तीला. हे एकाच शब्दाचे अर्थ आहेत का? उच्चार नेमका कसा करायचा? इथे सांगलीत विचारायला कुणी नाही.

कृष्णाकाठ: शब्द एकच, मूळ अर्थ पिशवीच. ग्रीकमध्ये 'ब्युर्सा' म्हणजे कातडं, लॅटिनमध्ये 'बुर्सा' म्हणजे कातडी पिशवी. इंग्रजी 'पर्स' त्याच घरातली.

शेअरबाजाराचा अर्थ मात्र थेट पिशवीतून निघालेला नाही, इथेच गल्लत होते. आजच्या बेल्जियममधल्या ब्रुज शहरात व्हान डर ब्यूर्झ घराण्याची व्यापाऱ्यांच्या मुक्कामाची जागा होती. घराण्याच्या चिन्हात तीन पिशव्या. समोरच्या चौकात जेनोवा, व्हेनिस, फ्लॉरेन्सचे व्यापारी हुंड्यांचे व्यवहार करायचे. नाव घराचं, मग चौकाचं, मग तशा प्रत्येक बाजाराचं झालं. अँटवर्पने १५३१ मध्ये त्यासाठी खास इमारत उभारली, अ‍ॅमस्टरडॅमची १६११ मध्ये सुरू झाली. व्यापारी प्रदर्शनालाही हाच शब्द.

उच्चार: जीभ 'ए'ची, ओठ 'ओ'चे, स्वर लांब. अनेकवचन 'ब्यूर्झन', शेवटच्या स चा झ होतो.

मार्केटयार्ड_सांगली: आपला 'खिसा' आठवा. फारसी 'कीसा' म्हणजे पिशवी. मराठीत ती कपड्याला शिवली गेली.

'मेट गेस्लोटन ब्यूर्झन', शब्दशः 'पिशव्या बंद ठेवून', हा डच वाक्प्रचार तर हळदपेठेत लगेच कळेल. अडत्या शेतकऱ्याला दिलेली उचल हळदीच्या पट्टीतून, म्हणजे विक्रीच्या हिशेबातून, वळती करून घेतो, तेवढ्या रकमेची रोकड कुणाच्याच हातात येत नाही. अगदी तेच.

दुकानात पाकीट मागताना मात्र 'पोर्टमोने' म्हणा. त्या अर्थाने 'ब्यूर्स' आता जुनाट वाटतो. आणि फळवाल्याने सफरचंदाला 'ब्यूर्स' म्हटलं तर ते दबून मऊ पडलंय. तो शब्द वेगळा, नुसता सारखा दिसतो.

हरिपूरकर: मग माहितीपत्रकातली 'ब्यूर्स' परत फेडावी लागत नाही ना?

कृष्णाकाठ: पुढचा-मागचा शब्द बघितल्याशिवाय ठरवू नका. 'स्टुडीब्यूर्स' म्हणजे शिष्यवृत्ती. पण नेदरलँड्समधल्या सरकारी 'प्रेस्टाटीब्यूर्स'चे पैसे आधी कर्ज म्हणून मिळतात. १० वर्षांत पदवी घेतली तरच ते माफ होतात. 'लेनिंग' दिसलं तर सरळ कर्ज. अर्जात हे तीनही शब्द शोधा.