खापरपणजोबा गायकवाडांच्या पागेत होते, कागद कुठे शोधू?

ओसरीकर: लहानपणापासून ऐकतोय की आमचे खापरपणजोबा बडोद्याच्या खंडेराव महाराजांच्या वेळी शिलेदार होते, घरचा घोडा वगैरे. दांडिया बजारचं घर रिकामं करताना ट्रंकेत एक मोडी कागद सापडला, ओळखीच्या काकांनी साल १२७३ वाचून दिलं. आता १२७३ म्हणजे देवगिरीचे यादव ना, तेव्हा कुठले गायकवाड? कागद खोटा आहे का? आणि पुढे कुठे जायचं?

मोडीवेडा: अहो यादवांपर्यंत नका जाऊ :) साल अक्षरात 'सलास सबैन मयातैन व अलफ' असं आहे का बघा. तीन, सत्तर, दोनशे, हजार. तसं असेल तर तो शुहूर सन, म्हणजे मराठी दप्तरातली अरबी आकड्यांची कालगणना, मृगाला सुरू होतो, जून ते डिसेंबरला ५९९ मिळवा आणि जानेवारी ते मे ला ६००. म्हणजे १८७२-७३, पण खंडेराव तर १८७० लाच गेले, तेव्हा मल्हारराव गादीवर होते. फसली, म्हणजे महसुली साल असेल तर ५९०-५९१ मिळवायचे, मग १८६३-६४ येतं आणि घरची गोष्ट बरोबर बसते. आधी हे नक्की करा, नाहीतर दप्तरात भलत्याच सालाचे रुमाल, म्हणजे कागदांची गाठोडी, सोडत बसाल.

बडोदेकरीण: आणि आडनावाने शोधू नका हो! मी दोन दिवस अभिलेखागारात आडनाव आडनाव करत बसले, हाती काही नाही. जुन्या कागदात बरेचदा नुसतं 'अमका बिन तमका' आणि गाव असतं, म्हणून बापाचं नाव आणि मूळ गाव आधी हवं. ते घरात कुणाला माहीत नसेल तर त्र्यंबकेश्वरला तुमच्या तीर्थोपाध्यायांची वही बघा, आम्हाला चार पिढ्या तिथेच मिळाल्या. गुरुजींनी दक्षिणेआधी चहा पाजला हे विशेष.

ओसरीकर: सलास सबैनच आहे, म्हणजे मल्हाररावच. काकांना परत बसवलं तर ते म्हणतात नावापुढे शिलेदार नाही, बारगीर आहे.

मोडीवेडा: मग घोडा घरचा नव्हता, पागेचा.

ओसरीकर: बाबांना अजून सांगितलं नाहीये, दिवाळी होऊ दे. बरं, कागद घडीवर चिरलाय, लॅमिनेट करू का?

बडोदेकरीण: नको नको!! आमच्या मामांनी केलं होतं, शाई पार पसरली. सेलोटेपही नको. सपाट ठेवून उन्हाच्या उजेडात, पण थेट उन्हात नाही, दोन्ही बाजूंचे फोटो काढा, मागचा शेरा विसरू नका.