एक्झिट पोल मतमोजणी सुरू होईपर्यंत बंदच ठेवायला हवेत

गोदाकाठ
१ जून २०२४, शनिवार. लोकसभेच्या सातव्या, शेवटच्या टप्प्याचं मतदान संपलं आणि साडेसहाच्या ठोक्याला सगळ्या वाहिन्यांवर एक्झिट पोलचे आकडे झळकले. बहुतेक संस्थांनी एनडीएला साडेतीनशेच्या पुढे नेऊन ठेवलं. अ‍ॅक्सिस माय इंडियाने ३६१ ते ४०१ दिल्या, टुडेज चाणक्यने ४००. मंगळवारी मोजणी झाली तेव्हा एनडीए २९३ वर थांबली, त्यात भाजप २४०. महाराष्ट्रात अ‍ॅक्सिसने महायुतीला २८ ते ३२ जागा दिल्या होत्या, मिळाल्या १७. महाविकास आघाडीला ३० आणि सांगलीची एक अपक्ष विशाल पाटलांना.

माझ्या मेव्हण्याने मुलीच्या कॉलेज प्रवेशासाठी बाजूला ठेवलेले दोन लाख सोमवारी सकाळी बाजारात लावले. त्या दिवशी सेन्सेक्स अडीच हजार अंकांनी वर गेला. मंगळवारी तो ४,३९० अंकांनी कोसळून बंद झाला. दुपारी जेवण अर्धवट सोडून मेव्हणा फोन घेऊन जिन्यात जाऊन बसला आणि तिथेच सगळं विकलं. बहिणीला त्याने आठवडाभर सांगितलं नव्हतं.

लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२६अ प्रमाणे शेवटच्या टप्प्याचं मतदान संपेपर्यंत एक्झिट पोल दाखवता येत नाहीत. माझं म्हणणं एवढंच, की ही मुदत मतमोजणी सुरू होईपर्यंत वाढवा. मतं यंत्रात बंद झालेली असतात. तीन दिवस थांबायला कुणाची हरकत असावी?

आकडेमोड
मेव्हण्यांचं खरंच वाईट वाटलं, पण उपाय पटला नाही. त्याच आठवड्यात शुक्रवारी, ७ जूनला, सेन्सेक्स ७६,६०० च्या वर बंद झाला, म्हणजे सोमवारपेक्षाही वर. घात घबराटीने केला.

बंदी आली की काय होईल ते सांगतो. राजस्थानातल्या फलोदीच्या सट्टाबाजाराचे भाव गावोगाव फिरतील आणि व्हॉट्सअ‍ॅपवर 'आतल्या गोटातून' आलेले आकडे फिरतील. पैसेवाले स्वतःसाठी खासगी सर्व्हे करून घेतील आणि त्यावर सौदे करतील. अंधारात राहू ते फक्त तुम्ही-आम्ही. आज निदान आकडा कुणाचा ते नावानिशी कळतं, म्हणून चुकल्यावर जाबही विचारता येतो.

२०१९ ला याच अ‍ॅक्सिसने ३३९ ते ३६५ सांगितलं होतं, आले ३५३. २०१४ ला चाणक्यने ३४० सांगितलं, आले ३३६. तेव्हा बंदी मागायला कोण पुढे आलं होतं? आणि २०१३ मध्ये निवडणूक आयोगाने मतदानाआधीच्या मतचाचण्यांवर निर्बंधांचा विषय काढला तेव्हा काँग्रेसने पाठिंबा दिला, भाजपने विरोध केला. जो मागे पडलेला दिसतो त्याला आरसा नको असतो.

केजकर
मी यात काम केलंय, म्हणून लिहितोय. २०२४ ला आमच्या बीड जिल्ह्यात १३ मे रोजी मतदान होतं. एका संस्थेसाठी (नाव घेत नाही) दिवसाच्या रोजावर एका गावात उभा होतो. हातात टॅब, गळ्यात ओळखपत्र, डोक्याला उपरणं. दर दहाव्या माणसाला थांबवायचं असं प्रशिक्षणात सांगितलेलं.

पहिल्या तासातच कळलं की लोक उत्तर द्यायच्या आधी मलाच प्रश्न विचारतात. "आडनाव काय तुमचं?" त्या वर्षी आमच्याकडे मराठा आणि ओबीसी असं वातावरण किती तापलं होतं ते इथल्यांना माहीत आहे. माझं आडनाव ऐकलं की कुणाचा चेहरा खुलायचा, कुणी "मशीनला दिलंय, मशीनला विचार" म्हणून चालू लागायचं. बायका घोळक्याने बाहेर यायच्या. मी एकीला विचारायचो, उत्तर शेजारचा दीर द्यायचा. एक म्हातारी थांबली, माझ्याकडे बघून हसली, म्हणाली, "लेकरा, दिलं की सगळ्यायला." हे मी कोणत्या रकान्यात भरायचं होतं?

अकरानंतर ऊन असं चढलं की केंद्राबाहेर कोणी क्षणभर थांबेना. सुपरवायझरचा फोन: बायकांचा कोटा कमी आहे, दोन वाजेपर्यंत भरा. नाही म्हणणाऱ्यांसाठी टॅबवर जागाच नव्हती. एकाने नकार दिला की पुढच्याला विचारायचं, झालं.

त्या मतदारसंघाचा निकाल ६,५५३ मतांनी लागला. बजरंग सोनवणे जिंकले, पंकजा मुंडे हरल्या. तेव्हा गोदाकाठ, आकडे तीन दिवस उशिरा दाखवले तरी ते असेच गोळा झालेले असणार. आणि आकडेमोड, याला आरसा म्हणू नका.

आकडेमोड
केजकर, तुमचा अनुभव मोलाचा आहे, पण त्यातून सर्व्हेच खोटा असं ठरत नाही. लोक तोंडाने सांगायला घाबरतात म्हणून तर काही अभ्यासक चिन्हं छापलेली चिठ्ठी देतात. मतदार खूण करतो, घडी घालतो आणि पेटीत टाकतो. खर्च वाढतो, वेळ लागतो, पण आडनाव आड येत नाही.

मोठा घोळ त्याच्या पुढे होतो, मतांच्या टक्क्यांवरून जागा काढताना. महाराष्ट्रात दोन्ही आघाड्यांच्या मतांत अर्ध्या टक्क्याचाही फरक नव्हता, दोघेही साधारण पावणेचव्वेचाळीस टक्क्यांच्या आसपास. जागा मात्र ३० आणि १७. इतक्या बारीक फरकावर कितीही मोठा नमुना घ्या, जागा सांगणं हा अंदाजच राहतो. मुंबई वायव्यला रवींद्र वायकर ४८ मतांनी निवडून आले. अठ्ठेचाळीस! ही जागा आधी सांगणारी पद्धत जगात कुठे नाही. वाहिन्यांना मात्र टक्के नकोत, जागाच हव्यात, कारण बहुमताचा २७२ चा आकडा जागांचा आहे.

निफाडचा शेतकरी
दिंडोरी मतदारसंघातून लिहितो. डिसेंबर २०२३ मध्ये कांद्याची निर्यातबंदी आली. उठली मे २०२४ मध्ये, आमच्या मतदानाच्या जेमतेम पंधरवडा आधी, तीही किमान निर्यातमूल्य आणि शुल्क लावून. मधल्या काळात लासलगावला भाव पडत गेले. ट्रॅक्टर घेऊन रांगेत उभा असलेला प्रत्येक जण एकच गोष्ट बोलत होता. हे ऐकायला सर्व्हे लागत नव्हता, नुसतं बाजार समितीच्या फाटकाशी येऊन उभं राहिलं असतं तरी पुरे होतं. केंद्रात मंत्री असलेल्या भारती पवार इथे लाखावर मतांनी पडल्या.

आणखी एक. जिंकलेल्या शरद पवार गटाच्या भास्कर भगरे सरांचं चिन्ह तुतारी वाजवणारा माणूस. भगरे याच आडनावाच्या एका अपक्षाला नुसती तुतारी मिळाली, आमच्याकडे तिला पिपाणी म्हणतात. त्या अपक्षाला लाखाहून जास्त मतं पडली. माझ्या चुलत्यांनी मतदान करून येऊन मला छातीठोकपणे सांगितलं, "तुतारीला दिलं." कोणत्या तुतारीला, ते त्यांना आजही सांगता येत नाही. सर्व्हेवाल्याला त्यांनी खरंच सांगितलं असतं आणि तरी ते चुकलं असतं. साताऱ्यात तर पिपाणीला ३७,०६२ मतं गेली आणि त्याच गटाचे शशिकांत शिंदे ३२,७७१ ने पडले.

बंदीचं म्हणाल तर मला काही फरक पडत नाही. राग आहे तो निवडणुकीच्या महिनाभरात टीव्हीवर कांद्यापेक्षा आकड्यांना जास्त वेळ मिळाल्याचा.

गोदाकाठ
तुतारीचा मुद्दा वाचून मी खरंच थांबलो. पण आकडेमोड, तुमच्याच हिशोबाने जागा सांगणं हा अंदाज आहे. मग तो 'पोल' या नावाने, ठाम पट्टी लावून का दाखवायचा? औषधाच्या बाटलीवर आत काय आहे ते लिहावं लागतं. इथे किती लोकांनी नकार दिला, टक्क्यांवरून जागा कशा काढल्या, पैसे कोणी दिले, यातलं एकही सक्तीने सांगावं लागत नाही. हे होत नाही तोवर मी बंदीवर ठाम आहे.

आकडेमोड
सक्तीच्या खुलाशाला माझा पूर्ण पाठिंबा, बंदीला नाही. ब्रिटनमध्ये पोलिंग कौन्सिल या सर्व्हे संस्थांच्या संघटनेतल्या सदस्यांना सर्व्हेचे सविस्तर तक्ते जाहीर करावे लागतात. तिथला एक्झिट पोल शक्यतो गेल्या वेळच्याच केंद्रांवर पुन्हा जाऊन बदल मोजतो. आपल्याकडे तर त्यांच्याहून चांगली सोय आहे. तिथे केंद्रनिहाय निकाल मिळत नाही, आपल्याकडे निवडणूक आयोगाचा फॉर्म २० असतो, त्यात प्रत्येक केंद्रावर कोणाला किती मतं पडली ते छापलेलं असतं. निकालानंतर संस्थांना एवढंच विचारा: तुमची माणसं कोणत्या केंद्रांवर उभी होती आणि तिथे तुम्हाला काय सांगितलं गेलं? शेजारी फॉर्म २० ठेवला की कोण शेतात गेलं आणि कोणी बांधावरूनच पीक मोजलं, ते कुणालाही दिसेल.

केजकर
हे वाचून काल रात्री फॉर्म २० शोधला. मी उभा होतो ते केंद्र सापडलं. माझ्या टॅबवर संध्याकाळी जो उमेदवार पुढे होता, तो त्या केंद्रावर बराच मागे आहे. जे न बोलता निघून गेले, त्यांच्यातच तो फरक असणार. त्यांची नोंद मी कुठेच केलेली नाही, करायला जागाच नव्हती.