मदत हवी आहे: कॉलेज बास्केटबॉलचं 'नेट' रँकिंग नक्की कसं वाचायचं?

नमस्कार मंडळी. क्रिकेटच्या ग्रुपवर विचारून बघितलं, तिथे सगळ्यांना वाटलं मी नेट रनरेटबद्दल विचारतेय, म्हणून इथे आले.

आम्ही इंडियानात राहतो, मुलगा टेरे होटला इंडियाना स्टेटमध्ये होता, त्यामुळे बास्केटबॉल घरात शिरलं, नाहीतर मला बास्केटबॉलचा जुना स्टार लॅरी बर्ड तिथला एवढंच माहीत. तर 17 मार्च 2024 चा रविवार, टीव्हीवर कॉलेजांच्या मोठ्या एनसीएए टूर्नामेंटसाठी निवडलेल्या 68 टीम्सची नावं जाहीर होणार, मुलगा निळा टीशर्ट घालून सोफ्यावर, मी पोह्यांची डिश हातात दिली आणि टूर्नामेंटचा एकेक गट, म्हणजे रीजन, भरत गेलं. शेवटचं नाव आलं तेव्हा पोहे गार झाले होते, लिंबाची फोड तशीच. इंडियाना स्टेटच्या 28 मॅच जिंकलेल्या, 6 हरलेल्या, नेटमध्ये पहिल्या तिसात, तरी नाव नाही! व्हर्जिनिया नेटमध्ये पन्नाशीच्या पलीकडे, ती मात्र आत, आणि दोनच दिवसांनी डेटनला कोलोरॅडो स्टेटकडून 67-42 असा मार खाऊन घरी. आमची पोरं एनआयटीच्या (जे निवडले जात नाहीत त्यांची दुसरी टूर्नामेंट) फायनलला गेली, तीही दोन पॉइंटने गेली, ते जाऊदे.

मुलगा म्हणतो 'क्वाड वन'मध्ये 1-4 होते म्हणून. हे क्वाड प्रकरण काय आहे? आणि रँकिंग आयोजकांचंच, मग तेच बाजूला ठेवायचं तर काढायचं कशाला? कुणाला टीम शीट (कमिटीपुढचा टीमच्या निकालांचा तक्ता) वाचता येत असेल तर प्लीज सांगा.

कट्टेकरी: ताई, नेट हे मेरिट लिस्ट नाहीये, ते चाळण आहे. समोरची टीम कितव्या नंबरवर आणि मॅच कुठे, यावर चार खण पाडतात. घरी खेळलात तर समोरची पहिल्या 30 मधली हवी, तटस्थ कोर्टवर 50, त्यांच्या घरी गेलात तर 75 पर्यंत चालते, हे झालं क्वाड वन. तुमचा नंबर चांगला असला तरी निवड कमिटी बघते हरवलं कुणाला. रणजीच्या प्लेट गटात द्विशतक ठोकलं तर सिलेक्टर जसं "कुणाविरुद्ध?" विचारतात तसंच.

खरी गोची पुढे आहे. मोठ्या कॉन्फरन्सवाल्यांना (कॉन्फरन्स म्हणजे कॉलेजांची लीग) जानेवारी-फेब्रुवारीत आपापसातच क्वाड वन मिळत राहतात, दहा हरले तरी चार जिंकतात. छोट्यांकडे ते खेळायला येतच नाहीत, पैसे देऊन आपल्या घरी बोलावतात. तुमची टीम त्या सीझनला अलाबामा आणि मिशिगन स्टेटकडे गेली, दोन्हीकडे हरली, संपला चान्स. सीडिंगमध्येही (निवडलेल्या टीम्सना ताकदीप्रमाणे नंबर देतात त्यात) तेच, वरच्या चार सीडवाल्यांना पहिल्या राउंडला समोरच्याच्या गावात पाठवत नाहीत, छोट्यांना हे कवच नाही.

पॉपकॉर्न: थोडं उलटं बोलतो, राग नसावा. व्हर्जिनिया हरली म्हणून निवड चुकली म्हणाल तर 2025 ला नॉर्थ कॅरोलायना क्वाड वनमध्ये 1-12 असून घेतली, कमिटीचा चेअरमन त्यांचाच अ‍ॅथलेटिक डायरेक्टर (चर्चेच्या वेळी बाहेर बसवला म्हणे, असो), आणि त्यांनी सॅन डिएगो स्टेटला 95-68 धुतलं. मग ती निवड बरोबर म्हणायची का? एका मॅचवरून काही सिद्ध होत नाही. 2025 पासून कमिटीपुढे 'विन्स अबव्ह बबल' आलंय ते बघा. काठावरची टीम ती मॅच किती टक्के वेळा जिंकली असती ते धरतात. समजा 25 टक्के, तर जिंकलात की पाऊण जमा, हरलात की फक्त पाव वजा. किती पॉइंटने जिंकलात याला किंमत नाही. छोट्यांना यात जरा न्याय आहे.

(मूळ प्रश्नकर्ती): दोघांचे आभार, पाव-पाऊण लगेच कळलं. पण कट्टेकरी, मोठे आपल्याकडे येणारच नसतील तर हे नवीन गणित तरी काय करणार, पाऊण मिळवायला मॅच तर मिळाली पाहिजे ना? की छोट्या टीम्सच्या घरी जाऊन जिंकलेलं पण थोडं थोडं साठतं यात? मुलाला विचारलं तर म्हणतो आई, कॉन्फरन्स फायनलला ड्रेकला हरवलं असतं तर डायरेक्ट एंट्री होती, आता तू तो विषय काढू नकोस.

पॉपकॉर्न: साठतं, पण चिल्लर. वीस चिल्लर मॅचेस सलग जिंकाव्या लागतात आणि मधे एक हरलात की बरीचशी गेली.